आमच्या घराचा एसी कुठे बसवायचा हे कमिटी कशी काय ठरवते?

यावेळी एकाच विषयावर इतकी पत्रं आलीत की सगळं सदर त्यालाच देतेय. विषय आहे एचओए, म्हणजे आपल्या वसाहतीची घरमालकांची असोसिएशन, आणि एसी, फर्नेस (घर तापवणारी भट्टी), हीट पंप (एकच मशीन, उन्हाळ्यात गार आणि हिवाळ्यात गरम करणारं), मिनी स्प्लिट (एका खोलीपुरता स्प्लिट एसी) यावरून तिच्याशी होणारी ओढाताण. ज्यांनी अमेरिकेत नुकतंच घर घेतलंय त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. क्लोजिंगच्या, म्हणजे घरखरेदीच्या शेवटच्या सह्यांच्या, आधी सीसीअँडआर नावाचा जो जाडजूड गठ्ठा हातात पडतो ना, तो काउंटीत नोंदवलेला असतो, घर तुमच्या नावावर झालं की तो तुम्हाला लागू, तुम्ही वाचला असो वा नसो. बाहेरून दिसणारा कुठलाही बदल करायच्या आधी मंजुरी घ्या असं त्यात जवळपास नेहमी असतं, आणि ती मंजुरी देते ती आर्किटेक्चरल कमिटी, बोलताना सगळे एआरसी म्हणतात. मी आमच्या वसाहतीच्या अशा कमिटीवर बरीच वर्षं काम केलंय, त्यामुळे टेबलाच्या पलीकडे बसलेल्यांना काय दिसतं आणि काय दिसत नाही ते मला चांगलं माहितीये.

प्रश्न (प्लेनो, टेक्सास): ताई नमस्कार, आमचं दुमजली घर आहे, वरच्या गेम रूममधे मी आता घरून काम करतो, जुलै-ऑगस्टमधे तिथे बसवत नाही, खाली थर्मोस्टॅट ७५ फॅरनहाइट दाखवतो तेव्हा वर ८३ असतं. अख्खा सेंट्रल एसी बदलायचा म्हणजे खर्च फार, म्हणून त्या एका खोलीपुरता मिनी स्प्लिट लावायचं ठरवलं, कॉन्ट्रॅक्टरला ॲडव्हान्स दिला आणि मग एआरसीला फॉर्म पाठवला. उत्तर एका ओळीचं आलं की हे वसाहतीच्या एकंदर रूपाला धरून नाही. कारण नाही, काही नाही. फोन केला तर मॅनेजमेंट कंपनीवाले म्हणतात कमिटीचा निर्णय अंतिम आहे. कमिटीतले दोघं असोसिएशनचा कारभार बघणाऱ्या बोर्डावर पण आहेत. आता काय करायचं?

उत्तर: आधी कॉन्ट्रॅक्टरला ईमेल करून काम थांबवायला सांगा. फोनवर नको, लेखी सांगा. मशीन अजून ऑर्डर झाली नसेल तर बरेच जण तारीख पुढे ढकलून देतात.

आता कायद्याचं. टेक्सासच्या प्रॉपर्टी कोडच्या २०९ व्या प्रकरणात २०२१ मधे जे बदल झाले ते तुमच्यासाठी फार कामाचे आहेत. ज्या असोसिएशनमधे निदान ४० लॉट आहेत तिथे बोर्डाचा सदस्य, त्याचा नवरा किंवा बायको, किंवा त्याच्या घरात राहणारं कोणी, एआरसीवर बसू शकत नाही. (वसाहत अजून बिल्डरच्या ताब्यात असेल तर हे लागू नाही.) म्हणजे तुमच्याकडे दोघं दोन्हीकडे बसलेत हाच मुळात एक मुद्दा झाला. दुसरं म्हणजे नकार लेखी द्यायचा, त्यात कारण पुरेशा तपशिलात सांगायचं, आणि काय बदल केले तर मंजूर होईल असं काही असेल तर तेही लिहायचं. नकाराची नोटीस पाठवल्यापासून ३० दिवसांच्या आत तुम्ही बोर्डापुढे सुनावणी मागू शकता, आणि तुमची मागणी पोचल्यापासून ३० दिवसांत बोर्डाला ती घ्यावी लागते. त्यामुळे 'कमिटीचा निर्णय अंतिम' हे तुम्हाला फोनवर जे सांगितलं ते बरोबर नाही. आजच तारीख मोजा, ३० दिवस उलटून जाऊ देऊ नका.

पण नुसता कायदा घेऊन सुनावणीला जाऊ नका, असं मी अगदी मनापासून सांगते. कमिटीत असताना नाकारले गेलेले अर्ज मी पाहिलेत, त्यातले बरेचसे म्हणजे कंपनीचं माहितीपत्रक आणि खाली एक ओळ, 'मिनी स्प्लिट बसवायचा आहे'. कमिटीतल्या माणसाला त्यावरून काहीच कळत नाही, आणि ज्याला कळत नाही तो नाही म्हणून मोकळा होतो. त्याच्या डोळ्यासमोर चित्र एकच असतं, रस्त्याकडच्या भिंतीवर ब्रॅकेटवर टांगलेला खोका आणि त्यातून भिंतीवरून लोंबत जाणाऱ्या काळ्या पाइप. तुमच्या अर्जाने ते चित्र पुसायचं आहे. घराचा प्लॉट सर्व्हे घ्या, त्यावर बाहेरचं युनिट नेमकं कुठे बसणार तिथे खूण करा, शेजाऱ्याच्या कुंपणापासून किती फूट ते लिहा, रस्त्यावरून आणि शेजाऱ्याच्या अंगणातून त्या जागेचे फोटो काढा. युनिट भिंतीवर न टांगता मागच्या बाजूला जमिनीवर पॅडवर ठेवणार असं लिहा, त्याने भिंतीत थरथर जात नाही आणि दिसतही कमी. वरच्या मजल्यापर्यंत जाणारा लाइनसेट, म्हणजे आतलं-बाहेरचं युनिट जोडणारे पाइप, उघडा न ठेवता कव्हरमधे घालून ते कव्हर भिंतीच्या रंगाने रंगवणार असं लिहा, आणि रंगाचं नाव द्या. पाणी कुठे सोडणार तेही लिहा, कारण शेजाऱ्याच्या बाजूला पाणी जाणं ही एक खरीखुरी तक्रार असते.

आवाजाचा मुद्दा कोणी काढायच्या आधी तुम्हीच काढा. मॉडेलच्या स्पेसिफिकेशन शीटवर बाहेरच्या युनिटचा आवाज डेसिबलमधे दिलेला असतो, ती शीट जोडा. इन्व्हर्टरवाली छोटी युनिटं जुन्या सेंट्रल एसीपेक्षा बरीच शांत असतात, आणि तुमच्या घरामागे आधीच सेंट्रल एसीचा कंप्रेसर आहे, त्याच्याच शेजारी हे ठेवलं तर कमिटीला हरकत घ्यायला फारसं काही उरत नाही. मोकळ्या जागेत अंतर दुप्पट झालं की आवाज साधारण ६ डेसिबलने कमी होतो, म्हणजे युनिट कुंपणापासून ५ फुटांऐवजी १० फुटांवर नेलंत तर शेजाऱ्याला फरक जाणवतो.

झाडं लावून किंवा जाळी लावून झाका अशी अट घालतील, ती मान्य करा, पण युनिटभोवती साधारण २ फूट मोकळी जागा सोडून. चारही बाजूंनी चिकटून झाकलं की गरम हवा तिथेच घुमते, तीच परत आत ओढली जाते, मशीन दमते आणि बिल वाढतं. कंपनीच्या पुस्तिकेत किती जागा सोडायची त्याची आकृती असते, तेवढं पान फाडून, म्हणजे कॉपी काढून जोडा, मग कमिटी त्यापेक्षा जवळ लावा असं म्हणायला कचरते.

आणि एक, हे तुम्ही विचारलं नाहीये तरी सांगते. खाली आणि वर ८ अंशांचा फरक म्हणजे डक्टमधे गडबड असण्याची शक्यता खूप. सेंट्रल सिस्टिमच्या घरात सरासरी २० ते ३० टक्के हवा डक्टच्या फटींतून वाया जाते असं एनर्जी स्टार या सरकारी कार्यक्रमाचं म्हणणं आहे, आणि टेक्सासमधे डक्ट बहुतेक छपराखालच्या तापलेल्या माळ्यातूनच (ॲटिक) गेलेले असतात. मिनी स्प्लिटच्या आधी डक्टची टेस्ट करून घ्या, त्या खोलीला किती गारवा लागेल त्याचा मॅन्युअल जे नावाचा हिशोब करून घ्या, कॉन्ट्रॅक्टर नुसतं खोलीचं माप बघून एक टन सांगत असेल तर हिशोब मागा. डक्टचं काम घराच्या आतलं, ते बाहेरून दिसत नाही, त्याला एआरसीकडे जायची सहसा गरज पडत नाही. कदाचित तेवढ्यावर भागेल.

प्रश्न (एडिसन, न्यू जर्सी): आमचं टाउनहाउस आहे, २४ वर्षं जुनी फर्नेस ऐन थंडीत बंद पडली, घरात लहान मूल आहे, सध्या दोन स्पेस हीटरवर चाललंय. कॉन्ट्रॅक्टर म्हणतो ९६ टक्केवाली, म्हणजे गॅसची ९६ टक्के उष्णता घराला देणारी, घ्या, गॅस वाचेल, पण तिचे दोन प्लास्टिकचे पाइप बाजूच्या भिंतीतून बाहेर काढावे लागतील. प्रॉपर्टी मॅनेजर म्हणते भिंत असोसिएशनची आहे, भोक पाडता येणार नाही, बोर्डाची मीटिंग पुढच्या महिन्यात. फर्नेस माझी आणि भिंत त्यांची हे काय आहे?

उत्तर: आधी स्पेस हीटरचं. तो थेट भिंतीतल्या सॉकेटला लावा, एक्स्टेंशन कॉर्डवर किंवा पॉवर स्ट्रिपवर लावू नका, आणि दोन्ही एकाच सर्किटवर नकोत. मुलाच्या खोलीत रात्रभर चालू ठेवून झोपू नका. कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म चालू आहे ना ते आजच बघा.

आता भिंतीचं. टाउनहाउसमधे तुमच्या मालकीची हद्द कुठे संपते हे मास्टर डीडमधे, म्हणजे वसाहतीच्या मूळ दस्तात, लिहिलेलं असतं, आणि पुष्कळ ठिकाणी ती आतल्या ड्रायवॉलपाशी संपते, बाहेरची भिंत आणि छप्पर सामाईक. फर्नेस तुमची, ती कधीही बदला, कोणी विचारणार नाही. पण भिंतीला भोक म्हणजे सामाईक मालमत्तेत बदल, तिथे त्यांची परवानगी लागते. त्यामुळे मॅनेजर जे म्हणतेय ते तत्त्वतः चूक नाही. मात्र कडाक्याच्या थंडीत महिनाभर थांबा म्हणणं मला अजिबात पटत नाही, आणि तुम्हीही ते मान्य करू नका. बहुतेक बायलॉजमधे तातडीच्या वेळी दोन मीटिंगच्या मधे बोर्डाची संमती घ्यायची सोय असते. आज लेखी ईमेल करा, त्यात घरातलं तापमान लिहा, थर्मोस्टॅटचा फोटो लावा, लहान मूल आहे हे लिहा, आणि दोन दिवसांत उत्तर हवं म्हणून सांगा.

पाइप का लागतात हे बोर्डाला समजावून सांगा, कारण त्यांना बहुतेक माहीत नसतं. जुनी ८० टक्केवाली फर्नेस गरम धूर वर सोडते, तो धातूच्या फ्ल्यूमधून, म्हणजे धुराड्यातून, आपोआप छपराबाहेर जातो. ९० टक्क्यांच्या वरच्या फर्नेस धुरातली उष्णता इतकी काढून घेतात की तो थंड होतो आणि त्यात पाणी धरतं, ते पाणी आम्लयुक्त असतं, जुना धातूचा फ्ल्यू ते खाऊन टाकतं, शिवाय थंड धूर स्वतःहून वर चढत नाही. म्हणून पंख्याने ढकलून प्लास्टिकच्या पाइपने बाहेर काढावा लागतो, आणि दुसऱ्या पाइपने बाहेरची ताजी हवा आत येते. धूर बाहेर पडला की थंडीत पांढरी वाफ दिसते, आणि बोर्डाची जी रास्त काळजी असते ती इथे असते. ती वाफ शेजाऱ्याच्या खिडकीवर जाऊ नये, पाइपातून ठिबकणारं पाणी पायवाटेवर पडून त्याचा बर्फ होऊ नये, आणि पाइपाचं तोंड साचलेल्या बर्फाखाली गाडलं जाऊ नये, कारण तसं झालं तर फर्नेस बंद पडते. कॉन्ट्रॅक्टरकडून हे सगळं दाखवणारा एका पानाचा नकाशा घ्या. छपरापर्यंत जाणाऱ्या जुन्या पोकळीतून प्लास्टिकचे पाइप वर नेता येतात का तेही विचारा, काही घरांत जमतं, मग भिंतीला हात लावावा लागत नाही, छपरापाशी आधीच भोक असतं.

एक धोका मात्र कॉन्ट्रॅक्टरला स्पष्ट विचारा. तुमचा गॅसचा वॉटर हीटर आत्ता फर्नेसच्याच फ्ल्यूमधे धूर सोडतोय का? बहुतेक जुन्या टाउनहाउसमधे तसंच असतं. फर्नेस तिथून काढली की एकटा हीटर त्या मोठ्या फ्ल्यूला पुरत नाही, धूर गार पडतो, वर जात नाही, आत साचतो किंवा घरात परत येतो. फ्ल्यूमधे छोटा लाइनर, म्हणजे आतून बारीक पाइप, टाकावा लागतो किंवा हीटरही बदलावा लागतो. हा खर्च कोटेशनमधे नसेल तर कोटेशन अपुरं आहे. तुमच्या गावाच्या बांधकाम खात्याचं परमिट पण लागतंच, आणि एचओएची मंजुरी आणि परमिट या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, एक मिळाली म्हणून दुसरी मिळाली असं होत नाही.

आणि बोर्डाला हेही सांगा की तुमची सगळी घरं एकाच वेळी बांधलेली, म्हणजे सगळ्यांच्या फर्नेस एकाच वयाच्या. आज तुमची गेली, पुढच्या दोन-तीन हिवाळ्यांत रांगेने बाकीच्यांच्या जातील. प्रत्येक वेळी महिनाभर थांबवण्यापेक्षा असोसिएशनने एकदाच ठरवून टाकावं की पाइप कुठल्या बाजूने काढायचे, किती उंचीवर, कुठल्या रंगाचं कव्हर, भोकाभोवती सील कोण करणार. असा एक ठराव झाला की पुढचा माणूस त्याच दिवशी काम सुरू करू शकतो. हे काम तुम्ही पुढाकार घेऊन करून घ्या, शेजारी दुवा देतील. बोर्ड अगदीच ऐकत नसेल तर न्यू जर्सीत असोसिएशनला अशा वादांसाठी कोर्टाबाहेर तडजोडीची सोय ठेवावी लागते, ती लेखी मागा.

प्रश्न (टॅम्पा, फ्लोरिडा): घरामागचा जुना एसी काढून त्याच जागी नवा लावतोय. एचओए म्हणते अर्ज करा, फी भरा, मंजुरीपर्यंत थांबा. एवढ्या उकाड्यात?

उत्तर: फ्लोरिडाने यावर अगदी नेमका कायदा केलाय. १ जुलै २०२४ पासून, तुमची एसी किंवा हीटिंगची सिस्टिम घरासमोरून, शेजारच्या प्लॉटवरून, सामाईक जागेतून किंवा वसाहतीच्या गोल्फ कोर्सवरून दिसत नसेल, आणि असोसिएशनने मंजूर केलेल्या किंवा सुचवलेल्या सिस्टिमसारखीच असेल, तर तिचे प्लॅन असोसिएशन तपासायला मागू शकत नाही. दोन्ही गोष्टी हव्यात, एक नाही. म्हणून कोणत्या सिस्टिम मंजूर आहेत त्याची यादी लेखी मागा. दुसऱ्या कुठल्या कारणाने नकार आलाच तर कोणत्या नियमाच्या आधारे आणि तुमच्या कामातली कोणती बाब त्यात बसत नाही हे त्यांना नेमकं लिहून द्यावं लागतं.

दोन गोष्टी तपासा मात्र. नवी युनिटं जुन्यापेक्षा बऱ्याचदा उंच आणि रुंद असतात, कारण २०२३ पासून कार्यक्षमतेची किमान अट वाढली आणि त्यासाठी मोठी कॉइल लागते. शिवाय पुराच्या पट्ट्यात घर असेल तर युनिट उंच स्टँडवर ठेवावं लागतं. आधी कुंपणामागे लपणारं युनिट आता वर डोकावायला लागलं तर ते 'दिसतं' आणि मग अर्ज लागू शकतो. २०२५ पासून नव्या सिस्टिममधे जुना आर-४१०ए गॅस भरून येत नाही, आर-४५४बी किंवा आर-३२ असतो, त्यामुळे बाहेर नव्या गॅसचं युनिट लावून जुनी आतली कॉइल ठेवा असं कोणी सांगत असेल तर ते जमत नाही, दोन्ही जोडीनेच बदलायचं असतं. आणि तुमचं घर कॉन्डो, म्हणजे इमारतीतल्या फ्लॅटसारखं, असेल तर कॉन्डोचा कायदा वेगळा आहे, हा नियम एचओएच्या प्रकरणातला आहे.

प्रश्न (हिल्सबरो, ओरेगन): सासूबाई आमच्याकडेच राहतात, त्यांना सीओपीडी, म्हणजे फुप्फुसांचा जुनाट आजार, आहे. घरात एसी नाही. खिडकीत एसी लावला तर एचओएचं पत्र आलं की खिडकीतले एसी चालत नाहीत, दहा दिवसांत काढा.

उत्तर: काढू नका. जून २०२१ च्या उष्णतेच्या लाटेत पोर्टलंडमधे पारा ११६ फॅरनहाइटवर गेला होता, तेव्हा जी माणसं दगावली त्यातली बरीच वयस्कर, एकटी राहणारी आणि घरात एसी नसलेली होती. त्यानंतर २०२२ मधे ओरेगनने कायदा करून खिडकीत बसणाऱ्या किंवा जमिनीवर ठेवायच्या एसीवर सरसकट बंदी घालायला मनाई केली, घरमालकांना आणि असोसिएशनांनाही. सुरक्षिततेच्या अटी घालता येतात, म्हणजे युनिट नीट ब्रॅकेटवर पक्कं बसवलेलं हवं, पाणी कुठे तरी नुकसान करत गळायला नको, आणि आगीच्या वेळी बाहेर पडायची ती एकच खिडकी असेल तर ती अडवायची नाही. सासूबाईंच्या खोलीत हे शेवटचं आधी बघा, त्याचं कारण एचओए नाही, त्यांचा जीव आहे. खिडकी अडत असेल तर जमिनीवरचं युनिट घ्या, त्याची गरम हवेची नळी खिडकीत बसवायची पट्टी पटकन काढता येते.

दुसरा आधार म्हणजे फेअर हाउसिंग ॲक्ट, हा सगळ्या अमेरिकेत लागू आहे आणि एचओएलाही लागू आहे. श्वासाचा असा आजार असलेल्या माणसाला घरात राहता यावं म्हणून नियमात वाजवी सूट मागता येते. डॉक्टरांचं छोटं पत्र घ्या, त्यात एवढंच हवं की या पेशंटला उष्णतेचा त्रास होतो आणि खोली थंड ठेवणं गरजेचं आहे. पूर्ण वैद्यकीय इतिहास मागायचा त्यांना अधिकार नाही, तो देऊही नका. पत्रासोबत 'रीझनेबल अकोमोडेशन' हे शब्द वापरून विनंती करा, मॅनेजमेंट कंपन्या हे शब्द वाचले की फाइल वकिलाकडे पाठवतात आणि मग उत्तर नीट येतं.

प्रश्न (शार्लट, नॉर्थ कॅरोलिना): हीट पंपचा सेल्समन म्हणतो आज सही केली तर २००० डॉलरची फेडरल टॅक्स क्रेडिट मिळेल, एचओएची मंजुरी नंतर बघू. करू का सही?

उत्तर: नाही. ती क्रेडिट ३१ डिसेंबर २०२५ नंतर बसवलेल्या सिस्टिमला मिळत नाही, त्यामुळे जो अजूनही ती दाखवून घाई करतोय त्याच्या बाकीच्या आकड्यांवरही विश्वास ठेवू नका. राज्याची किंवा वीज कंपनीची सवलत असली तर ती थेट त्यांच्याकडे विचारा. करारात 'एचओएची मंजुरी आणि परमिट न मिळाल्यास पूर्ण पैसे परत' हे वाक्य घालायला सांगा, आणि घालत नसतील तर दुसरा कॉन्ट्रॅक्टर बघा.

प्रश्न (फ्रीमाँट, कॅलिफोर्निया): आम्ही न विचारता हीट पंप लावला. सिटीचं परमिट घेतलं होतं, वाटलं तेवढं पुरे. आता एचओएचं पत्र आलंय, ५०० डॉलर दंड, आणि काढला नाही तर दर महिन्याला ५००. शेजारीण म्हणते भरून टाका, नाहीतर घरावर लीन, म्हणजे थकबाकीचा बोजा, लावतील. रात्री झोप येत नाही.

उत्तर: झोपा शांतपणे, तुमची बाजू वाटते तेवढी वाईट नाहीये. २०२५ च्या जुलैपासून कॅलिफोर्नियात असोसिएशनचा दंड एका उल्लंघनाला १०० डॉलरच्या वर जाऊ शकत नाही, त्यांच्या स्वतःच्या तक्त्यात कमी रक्कम असेल तर तीच. याला अपवाद आरोग्याला किंवा सुरक्षिततेला धोका असेल तर, आणि तोही बोर्डाने खुल्या मीटिंगमधे तसं लेखी नोंदवलं असेल तरच. मागच्या अंगणात परमिट घेऊन बसवलेल्या हीट पंपला असा धोका दाखवणं अवघड आहे. शिवाय दंडाच्या आधी सुनावणी लागते, तिची नोटीस निदान १० दिवस आधी द्यावी लागते, आणि सुनावणीच्या आधी तुम्ही चूक दुरुस्त केली तर दंड लावता येत नाही. तुम्हाला सुनावणीची नोटीसच आली नसेल तर तो दंड मुळात टिकत नाही, असं लेखी कळवा. आणि लीनचं म्हणाल तर, नुसत्या दंडासाठी घर विकायला काढण्याइतकं बळ कॅलिफोर्नियाचा कायदा असोसिएशनला देत नाही, ते थकलेल्या मेंटेनन्सच्या वर्गणीसाठी असतं. ती वर्गणी मात्र या भांडणात रागाच्या भरात थांबवू नका, इथेच लोक अडकतात.

चूक दुरुस्त करायची म्हणजे मशीन उखडायची असं नाही. आता अर्ज करा, जो आधी करायला हवा होता तोच, परमिटची आणि फायनल इन्स्पेक्शनची प्रत जोडून. कॅलिफोर्नियात असा अर्ज रास्तपणे आणि ठरलेल्या मुदतीत तपासावा लागतो, निर्णय लेखी द्यावा लागतो, नाकारला तर कारण सांगावं लागतं आणि बोर्डाकडे फेरविचाराची पद्धत सांगावी लागते. अर्जातच तुम्ही तडजोड पुढे करा. युनिट रस्त्यावरून दिसत असेल तर जाळीचा आडोसा, लाइनसेटला रंगीत कव्हर, शेजारणीच्या बेडरूमपाशी असेल तर रात्रीचा कमी आवाजाचा मोड चालू ठेवायचं वचन, हा मोड पुष्कळ इन्व्हर्टर युनिटमधे असतो आणि कॉन्ट्रॅक्टर पंधरा मिनिटांत सेट करून देतो. वसाहतीत आणखी कोणाकडे असंच युनिट आहे का ते फिरून बघा, असेल तर रस्त्यावरून दिसणारे फोटो जोडा, पण त्या घरमालकांना आधी सांगून, कारण नाहीतर त्यांनाही उद्या पत्र जाईल आणि तुमचं-त्यांचं बिनसेल.

एवढं करून जमलं नाही तर 'इंटर्नल डिस्प्यूट रिझोल्यूशन' मागा, म्हणजे बोर्डाचा एक सदस्य आणि तुम्ही समोरासमोर बसून बोलायचं. तुम्ही मागितलं तर असोसिएशनला नाही म्हणता येत नाही आणि तुम्हाला त्याची फी पडत नाही. तिथे जे ठरेल ते लिहून दोघांच्या सह्या घ्या. मंजुरीचं पत्र, परमिट, फायनल इन्स्पेक्शन आणि मशीनची वॉरंटी एकाच फाइलमधे ठेवा, घर विकताना एस्क्रोमधे, म्हणजे व्यवहार पुरा व्हायच्या आधीच्या काळात, एचओए उल्लंघनांची माहिती देते, तेव्हा ही फाइल लागेल.